मयतीचा कागद

ज्या माणसाला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याच्याबद्दल लिहायला मी बसलो आहे, म्हणून आधीच माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी लेखणी धरलेली नाही. चार पाने कशी भरतात हे कोणाला विचारावे, तेही मला कळत नाही. शिवाय हैबती जमादारांवर लिहायचा मला हक्क आहे का, याचाच मला संशय आहे. तो का, ते शेवटी येईल. ते असते तर त्यांनी हा कागद आधी उन्हात धरला असता, मग हुंगला असता, आणि विचारले असते, "कोनी लिव्हला? कावून लिव्हला? कोनाला दिसावा म्हनून लिव्हला?"

हे तीन सवाल ते हाती येईल त्या प्रत्येक कागदाला विचारत.

शिरूर कासारच्या पश्चिमेला, जिथे आपली निजामाची मोगलाई संपून इंग्रजी मुलूख सुरू होतो, तिथे करोडगिरीचा नाका होता. हद्द ओलांडणारा माल तपासायचा आणि जकात घ्यायची, एवढेच काम. एक लिंबाचे झाड, एक पत्र्याची खोली आणि रस्त्यावर आडवा टाकलेला बाभळीचा दांडा. तहसिलीच्या शाळेत उर्दू शिकलो होतो, म्हणून मला तिथे मुन्शीची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी वळकटी खांद्यावर टाकून मी दांड्यापाशी पोचलो तेव्हा पन्नाशीचा एक उंच, काटकुळा माणूस हातात लांब लोखंडी सळई घेऊन उभा होता. तेच नाक्याचे हैबती जमादार.

"मी नवा मुन्शी," मी म्हणालो.

"आसशील," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या वळकटीत सळई खुपसली.

वळकटी झाल्यावर आईने बांधून दिलेल्या भाकरी सोडायला लावल्या. वरची भाकरी मोडून दोन्ही तुकडे नीट पाहिले, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "मीठ कमी हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं मीठ म्हाग, म्हंजी मोगलाईतलीच भाकर हाय. खरं बोलतूस." मग पेटीतली दोन पुस्तके निघाली. त्यातले एक त्यांनी उन्हात धरले.

"हे कोनी लिव्हलं?"

"ठाऊक नाही. शाळेत होतं."

"मंग वाचतूस कावून?"

मला हसू आले. सात वर्षे शाळेत काढली, पण धडा कोणी लिहिला आणि कशासाठी, हे मला एकाही मास्तराने विचारले नव्हते. आज कॉलेजात कुठलेही पुस्तक उघडले की पहिला प्रश्न तोच येतो. मला वाचायला शाळेने शिकवले, पण वाचलेल्यावर थांबायला या निरक्षर माणसाने शिकवले.

जमादार मूळचे धारूरचे. ती सळईही त्यांनी तिथल्या लोहाराकडून स्वतः घडवून घेतली होती. मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झाली होती. ते ती कोणाच्या हातात देत नसत. पोत्यात सळई घातली की डोळे मिटून कान देत. "जवारीत खसखसती, मिठात कुरकुरती," ते मला समजावत, "आन् कापडात मुकी जाती. मुकी गेली की मालक काय बोलतो त्याच्याकडं ध्यान ठेवायचं." एकदा सरकीच्या पोत्यात तिचा आवाज मध्येच बदलला आणि आत अफूच्या गोळ्या निघाल्या. गाडीवान त्यांच्याच गावचा होता. तो "हैबती, आपलं गाव एक हाय बे!" म्हणत पाया पडू लागला. जमादार म्हणाले, "गाव दांड्याच्या पलीकडं. हितं मी आन् पोतं."

रजिस्टरवर ते अंगठा उठवत, पण त्याआधी मला मजकूर मोठ्याने वाचायला लावत. चार दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून "वाच" म्हणत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर भुवई वर जाई. पहिले सहा महिने मला हा अपमान वाटे. म्हाळू नावाचा एक धनगर दरसाल मेंढरे आणि लोकरीची गाठोडी घेऊन हद्द ओलांडायचा. त्याच्या गाठोड्यांनाही दरसाल सळई लागे. तो म्हणायचा, "जमादार, मेंढराच्या पोटातबी घाला की. आत गवात हाय का पिस्तूल, कोनी पाह्यलंय?" जमादार शांतपणे म्हणत, "मेंढरू खोटं बोलत न्हाई. तू बोलतूस."

आता माझ्या लबाडीकडे येतो.

मला मॅट्रिकची परीक्षा द्यायची होती. ती औरंगाबादला होती आणि त्यासाठी आठ दिवसांची रजा लागणार होती. पण आमच्या तीन-चार नाक्यांवरचे वरिष्ठ, अमीनसाहेब, परीक्षेसाठी रजा देत नसत. पास झालेला मुन्शी टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. मयतीसाठी मात्र रजा मिळे. त्यामुळे आमच्या भागात नोकरदारांचे चुलते फार मरत. असा कागद आला की अमीनसाहेब तो जमादारांच्या हातात देत आणि जमादार म्हणतील ते खरे मानत. माझ्या आधीच्या मुन्शीचा कागद जमादारांनी खोटा ठरवला आणि तो नोकरीवरून गेला, हे म्हाळूने मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते.

तरीही मी थोरल्या चुलत्यांना मारले. डाव्या हाताने, वेडेवाकडे अक्षर काढून पत्र लिहिले, चुरगाळले, पुन्हा सरळ केले, आणि महिन्याच्या तपासणीला अमीनसाहेब आले तेव्हा मान खाली घालून त्यांच्यापुढे ठेवले.

"क्यों जमादार," अमीनसाहेब म्हणाले, "असली है?"

जमादारांनी कागद उन्हात धरला. हुंगला. बोटाने मागची बाजू चाचपली. मग माझ्याकडे पाहिले.

"कोन मेलं, मुन्शी?"

"चुलते."

"कंचे?"

"थोरले."

"कशानं?"

याचा विचारच मी केला नव्हता. "पोटानं," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुन्हा उन्हात धरला. मला वाटले, झाले, परीक्षा गेली आणि नोकरीही गेली. मग त्यांनी कागद परत दिला. "खरं हाय, साब. मानूस मेलंय."

मी निघालो तेव्हा ते ओढ्याच्या वळणापर्यंत सोबत आले. कोणी ऐकत नाही असे पाहून म्हणाले, "पुढल्या बारीला चुलत्याला मारायचं आसंल तर गावातली शाई घे बे. ह्या कागदाला आपल्या दौतीतल्या हिरड्याचा वास येतोय. आन् शाई सुकवायला टाकलेली वाळूबी ह्याच ओढ्याची हाय."

मी वाटेतच थांबलो. "मग तुमी खरं कावून म्हणलात?"

"कुटं चाललास ते मी इचारलं का? मंग तूबी इचारू नको." आणि ते वळून गेले.

आभार मानण्याऐवजी मी त्यांच्यावर संशय घेऊ लागलो. औरंगाबादला परीक्षेच्या मांडवात बाहेर पाऊल वाजले की वाटे, अमीनसाहेबांचा माणूस आला. परत आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी "दहावा नीट झाला का? कावळा शिवला?" असे विचारले, तेव्हा मला वाटले, हा माणूस मला मुठीत ठेवतो आहे. त्यांच्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर आला तरी मी मनात म्हणे, याला माझ्याकडून काहीतरी करून घ्यायचे आहे. एखादे खोटे पान लिहायला लावतील, कोणाची तरी गाडी सोडायला लावतील. मी वाट पाहत राहिलो. तशी गाडी आली नाही.

आली ती आमच्या थोरल्या चुलत्यांची. जवारीची चार पोती घेऊन ते पलीकडच्या बाजाराला निघाले होते. नेमका अमीनसाहेबांचा शिपाई लिंबाखाली बसला होता. चुलत्यांनी लांबूनच हाक मारली, "आरं, मी तुजा थोरला चुलता! वळखलं न्हाईस का काय?"

शिपाई उठून उभा राहिला. मी रजिस्टरात मान घातली. जमादार मात्र पुढे गेले, चुलत्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "तुमी धाकले. थोरले गेले. मन घट करा."

"आवं मीच थोरला!"

"हां, आता तुमीच थोरले. घराचा भार तुमच्यावर." मग शिपायाकडे वळून हळूच, "भाऊ गेल्यापासून असंच करत्यात. लई जीव होता."

चुलते माझ्याकडे, जमादारांकडे आणि शिपायाकडे आळीपाळीने पाहत राहिले. जमादारांनी मात्र त्यांची चारही पोती एकेक करून तळापर्यंत तपासली. मी डोळ्यांनीच विनवले, तर म्हणाले, "मेलेल्या मानसाच्या पोत्यात काय आसंल ते काय सांगावं?"

पुढे निकाल लागला. मी पास झालो, औरंगाबादच्या कॉलेजात नाव दाखल झाले आणि मी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी जमादारांनी पुन्हा माझी वळकटी सोडायला लावली आणि त्यात सळई घातली. मला राग आला. वर्षभर मनात कोंडलेले मी बोलून टाकले.

"जमादार, तुमी मला कावून वाचवलं? काय पायजे तुमाला? आता तरी सांगा."

त्यांनी सळई बाहेर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि दांड्यावर बसले.

"तुज्या आदीचा मुन्शी," ते म्हणाले. "त्याचा कागद आला, माय मेली म्हनून. मी हुंगला. कागदावर हळदीचा डाग होता. मला वाटलं, लगीनघरातला कागद हाय, पोरगं मजा माराया निघालंय. अमीनला म्हनलो, खोटा हाय. पोरगं नोकरीवर पानी सोडून तसंच पळत गेलं. पोचलं तवर राख थंड झालती. माय खरीच मेलती, मुन्शी. सैपाक करता करता मेलती. तिला उचललेल्या हळदीच्या हातानंच कोनीतरी कागद धरला आसंल."

मी वळकटी बांधायची थांबवली.

"तेराव्याला मी गेलतो त्याच्या गावाला. त्यानं मला पानी दिलं. बोलला न्हाई कायबी." त्यांनी सळई मांडीवर आडवी ठेवली. "तवापासून नेम केलाय. मिठावर शक घे, कापडावर घे, सख्ख्या बापावर घे. मयतीच्या कागदावर घेऊ नको. खोटा निघाला तर काय हुईल? एक मानूस जित्ता निघंल. त्यात वाईट काय हाय?"

एवढे सांगून त्यांनी दांडा उचलला. "जा. माल खरा हाय."

कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षी, परीक्षा तोंडावर आली असताना मला नाक्यावरून पत्र आले. नव्या मुन्शीने लिहिले होते. त्याला मी एकदाच, ओझरते पाहिले होते. "हैबती जमादार तापाने वारले. तुमची फार आठवण काढत होते. तेराव्याला आलात तर बरे होईल." एवढेच.

मी ते पत्र उन्हात धरले. हुंगले. आमच्याच दौतीतल्या हिरड्याचा वास होता. घडीत ओढ्याची वाळू होती. आणि मी तीन सवाल विचारले. कोणी लिहिले? ज्याची माझी ओळख नाही त्याने. कोणाला दिसावे म्हणून? मला. आणि का लिहिले? तिथे माझे मन अडले. शिरूरच्या एका माणसाने थोड्याच दिवसांपूर्वी सांगितले होते की नवे अमीनसाहेब जुने कागद उकरून काढत आहेत. मला वाटले, माझा चुलता सापडला. मयतीच्या कागदाने सुटलेल्या माणसाला मयतीच्या कागदानेच बोलावत आहेत. मी जाईन आणि जमादार लिंबाखाली जिवंत बसलेले असतील, शेजारी अमीनसाहेब.

त्यांचा नेम मला आठवत नव्हता असे नाही. चांगला आठवत होता. पण मी तो उलटा धरला. कागद खोटा निघाला तर एक माणूस जिवंत निघेल, म्हणून कागद खोटाच असू दे, असे मी मनाशी घोकत राहिलो. भीती किती होती आणि माया किती, ते मला अजून वेगळे करता येत नाही. मी गेलो नाही. उत्तरही पाठवले नाही. पुस्तक उघडून बसलो आणि तेरावा दिवस गेला.

सव्वा महिन्याने बोर्डिंगच्या दारात म्हाळू धनगर उभा राहिला. शहरात घोंगड्या विकायला आला होता. खांद्यावर गाठोडे होते, आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेली एक लांब वस्तू. तो बसलाही नाही. गोणपाट सोडून त्याने ती माझ्यासमोर धरली. काळी, गुळगुळीत मूठ मी लांबूनच ओळखली.

"जमादारानं मरायच्या आदल्या दिशी माज्याकडं दिली," तो म्हणाला. "म्हनलं, मुन्शीला कागद जाईल, पर त्यो मानायचा न्हाई. मीच शिकिवलंय त्याला. ही न्हेऊन दे."

मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्यानेच ती माझ्या हातात ठेवली.

"तेराव्याला तुमचं पान मांडलं होतं. सांजपतोर ठिवलं."

माझ्याकडे पाहून म्हाळू घुटमळला. त्याला काय करावे ते सुचेना. शेवटी त्याने खांद्यावरचे गाठोडे खाली उतरवले आणि माझ्यापुढे सरकवले.

"घाला की, मुन्शी. दरसालचं हाय."

मी सळई घातली आणि डोळे मिटून कान दिला. ती मुकी गेली.