सुदामा नगरातली बत्ती

समुद्राची काळजी करणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण समुद्रापासून इतक्या दूर राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस इंदूरच्या सुदामा नगराबाहेर कुठे असेल, असं मला वाटत नाही. ते माझे घरमालक. खाली ते एकटे राहायचे आणि वरच्या दोन खोल्यांत मी. मी मूळचा कोकणातला. खारा वारा, गंजलेल्या कड्या आणि बारा महिने न वाळणारे टॉवेल यांना कंटाळून मी विजय नगरातल्या एका कंपनीत नोकरी धरली, आणि नशीब असं, की अख्ख्या माळव्यात मला घर मिळालं ते नेमकं एका निवृत्त दीपगृहरक्षकाचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं. ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी समुद्र तिकडे उघडा टाकून पळून आलोय. "मग भिया, तिकडे आता कोण बघून राहिलं?" त्यांनी अस्सल इंदुरी बोलीत विचारलं. कोणी काय बघायचं असतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

काकांचं नाव मी सांगत नाही, आणि त्यांच्या दारावरची पाटीही ते कोणाला सांगत नसे. पाटी पितळेची होती आणि काका ती इतक्या निष्ठेने घासत, की तिच्यावरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती. पितळ दिसलं, की त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेलाच. दाराच्या कड्या, नळ, शेजारच्यांच्या तुळशीपुढची निरांजनं, माझं कुलूप, सगळं त्यांनी लखलखीत करून ठेवलं होतं. घरातल्या बुद्धमूर्तीवर मात्र ते नुसतं मऊ फडकं फिरवत आणि थोडा वेळ तिच्यासमोर उभे राहत. एकदा मी म्हटलं, "काका, इथे खारी हवा नाही. पितळ काळं पडत नाही एवढं." त्यावर ते म्हणाले, "पितळ नाही पडत रे. माणूस पडतो." आणि माझं कुलूप घासायला घेतलं.

त्यांच्या घरी पडद्यांचा कारभार उलटा होता. सगळं जग सकाळी पडदे उघडतं. काका सूर्य वर आला की सरसर पडदे ओढून घेत आणि दिवस मावळला की सगळे उघडत. यामागे शास्त्र होतं. दीपगृहाचं भिंग एवढं मोठं असतं, की दिवसा ते झाकलं नाही तर त्यातून गोळा झालेलं ऊन आतलं सगळं जाळून टाकील. म्हणून पहाटे दिवा विझवला की रक्षकाने भिंगाच्या खोलीचे पडदे ओढायचे. काकांच्या घरात भिंग नव्हतं, पण काच होती, आणि काचेवर त्यांचा विश्वास नव्हता. समोरच्या बंगल्यात नवे लोक राहायला आले, तेव्हा त्यांचं आरशाचं मोठं कपाट हमालांनी ओसरीवर उन्हात ठेवलं. काकांनी घरातून पांढरी चादर नेली आणि मुकाट्याने त्यावर घातली. दुपारी वास्तुशांतीला आलेले पाहुणे ती पांढरी चादर पाहून फाटकातच थबकले, आवाज खाली करून चपला काढू लागले, आणि एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. यजमान बाहेर आले ते ओरडतच. काका शांतपणे म्हणाले, "आग लागली असती, तर मग काय केलं असतं तुम्ही?"

संध्याकाळी ते गच्चीवर चढत. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली होती. गुडघे गेलेले आणि छातीही धड नाही. काका ती मनाई डॉक्टरांच्या दवाखान्यात पाळत. गच्चीवर खुर्ची टाकून पश्चिमेला तोंड करून बसायचं आणि हवा सांगायची: "आज एकदम साफ आहे. दूरवर दिसेल." काय दिसेल, तर फार तर पाण्याचा टँकर. वस्तीतली वीज गेली, की लोकांचे इन्व्हर्टर सुरू व्हायच्या आत काकांचा कंदील गच्चीच्या कठड्यावर असायचा. एकदा ऐन वरातीत वीज गेली. काकांनी कंदील हातात धरून गल्लीभर उजेड फिरवला, तर वरातवाल्यांना वाटलं ही खास व्यवस्था आहे. ते आमच्याच फाटकासमोर नाचत राहिले आणि काका दमले तरी हात खाली करीनात. रात्री त्यांची झोप अशी नव्हतीच. उजाडलं की अंगात स्वेटर घालून कोपऱ्यावरच्या पोहे-जलेबीच्या गाड्यावर पहिलं गिऱ्हाईक म्हणून हजर. गाडीवाला पोह्यांवर शेव टाकता टाकता विचारायचा, "काय काका, ड्यूटी उतरली?" काका नुसते हसायचे. ते हसणं मला बरेच दिवस थट्टेचंच वाटत होतं.

त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, वडील पोस्टात. काकांनी सरकारी नोकरी म्हणून अर्ज केला आणि कोकणातल्या बंदरावर पोचेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बंदर जुनं, साहेबाच्या काळातलं. काळ्या दगडाचं दीपगृह, आधी तेलाच्या वातीवर चाललेलं, मग रॉकेलवर, मग विजेवर. पण ते मोठं भिंग फिरवायला घड्याळासारखी वजनं होती आणि ती रक्षकाने हाताने वर ओढायची. वरून पहिल्यांदा खाली पाहिलं तेव्हा काकांना गरगरलं, आणि म्हाताऱ्या रक्षकाने त्यांचा हात धरून पितळी कठड्यावर ठेवला. तिथेच त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्न तिथे, मुलगी तिथे. पुढे खाडी गाळाने भरली, मोठी गलबतं दुसरीकडे जाऊ लागली, दूरच्या टेकडीवर लोखंडी मनोरा उभा राहिला आणि जुनी बत्ती बंद करण्याचा हुकूम आला. काका त्या बत्तीचे शेवटचे रक्षक.

आता त्या दीपगृहाची दुरुस्ती निघाली होती. मासेमारीच्या होड्यांना खुणेची छोटी बत्ती आणि पर्यटकांना पाहायला जुनी इमारत, असा बेत होता. काम पाहणारी वास्तुतज्ज्ञ मुलगी पुण्याची. ती काकांना फोन करायची आणि काका इतक्या मोठ्याने बोलायचे, की मला घरबसल्या त्या बांधकामाची खडान्‌खडा माहिती झाली. कोणीतरी मधल्या काळात दगडाला सिमेंट फासलं होतं आणि आत ओल कोंडली होती. आता सिमेंट खरवडून चुना, गूळ आणि बेलफळाचा गर कालवून गिलावा करत होते. "वास कसा येऊन राहिला?" काका फोनवर विचारायचे. ती बिचारी खरंच वास घेऊन सांगायची. मग एक दिवस तिने सांगितलं, की काम संपलं, बत्ती पुन्हा लागणार आहे आणि तुम्ही यायलाच हवं.

काकांची मुलगी, आमची ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती त्या संध्याकाळी आली आणि जिन्यावर मला सगळं ऐकू आलं. "पप्पा, घराच्या पायऱ्या चढताना तुमचा दम निघतो, आणि तिथे चढणार? कशासाठी? आता तिथे माणूसच नाही. सेन्सर आहे. अंधार झाला की अपने आप लगती है." ती गेल्यावर काका गच्चीवर आले, बराच वेळ धापा टाकत बसले, आणि मग त्यांनी मला ते सांगितलं.

दीपगृहावर पाळी बदलण्याची एक रीत होती. जाणाऱ्याने म्हणायचं, "बत्ती सांभाळा." येणाऱ्याने कठड्याला हात लावून म्हणायचं, "सांभाळली." हे उत्तर आल्याशिवाय जाणारा जिना उतरत नाही, मग घरी काही होवो. "शेवटच्या सकाळी मी बत्ती विझवली," काका म्हणाले, "पडदे ओढले. म्हटलं, बत्ती सांभाळा. आता कोण बोलणार? कोणीच नव्हतं. थोडी देर उभा राहिलो, मग उतरलो. ऐसे उतरते नहीं भिया. जवाब मिला ही नहीं." मी विनोद करायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. इतकी वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो, ती त्यांची न संपलेली पाळी होती, आणि ती संपवल्याशिवाय मरायची त्यांना भीती वाटत होती.

मी दिवाळीला गाडीने गावी जाणारच होतो. ताईने शेवटी होकार दिला तो चिडूनच, आणि औषधांची पिशवी घेऊन तीही बसली. घाटाच्या अलीकडे काका मागच्या सीटवर डुलक्या घेत असताना ती मला म्हणाली, "तुम्हाला त्या बत्तीचं कौतुक वाटून राहिलं. मला नाही वाटत. मी लहान असताना आई एकदा खूप आजारी पडली. डॉक्टर खाडीपलीकडे. पप्पा वर होते आणि त्यांच्या पाळीवर येणारा माणूस पोचला नव्हता. ते उतरले नाहीत. कोळ्यांनी आम्हाला होडीतून नेलं." मी विचारलं, मग? "आई वाचली," ती म्हणाली. "तिने माफ केलं. मी नाही केलं." मागे पाहिलं, तर काकांचे डोळे मिटलेले होते, झोप लागलेली होती की नाही, ते सांगता येत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा समारंभ आटोपून मंडळी पांगली होती. काकांनी दिवस मावळायच्या आत जिना चढायला घेतला. प्रत्येक खिडकीशी थांबत, भिंतीचा नवा चुना तळहाताने चाचपत ते चढत होते. मागे ताई, तिच्या मागे मी. वर ती पुण्याची मुलगी होती. भिंग तेच, स्वच्छ केलेलं. कोपऱ्यात सेन्सरची एक लहानशी करडी पेटी. बाहेर अंधारू लागलं आणि पेटीतून टक्‌ असा आवाज होऊन बत्ती लागली. काकांनी टोपी काढली. मग कठड्याजवळ उभं राहून, अगदी हळू, म्हणाले, "बत्ती सांभाळा."

ती मुलगी पुढे झाली. निघण्याआधी काकांनी तिला फोनवर ही रीत सांगितली होती. तिने तोंड उघडलं, तोच काकांनी हात वर केला. "नको बेटा. तू परवा दुसऱ्या कामावर जाशील. झूठ नको बोलू." तिचे डोळे भरून आले. काका त्या पेटीकडे पाहत राहिले. मी कोकणातला, या किनाऱ्यावरचा माणूस, पण इंदूरच्या नोकरीसाठी पळालेला. मलाही तो शब्द उच्चारता आला नाही. खाली भरती वाजत होती.

तेव्हा ताईने औषधांची पिशवी खाली ठेवली, कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांभाळली."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू तो इंदौर में रहती है."

"मग तुम्ही कुठे राहत होता, पप्पा? इंदौरातूनच सांभाळली ना इतकी वर्षं?" तिचा आवाज फाटला. "त्या रात्री होडीत मी रडत होते. आई बोलली, मागे बघ, पप्पा तिथे आहेत. मी पूर्ण वेळ ह्या बत्तीकडेच बघत बसले होते."

काकांनी टोपी घातली आणि माझा खांदा धरून ते जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर मला जाणवलं, की ताई आमच्या मागे नाही. खाली येऊन आम्ही दगडी ओट्यावर बसलो. वारा गार होता, वर बत्ती फिरत होती, आणि काका मान वर करून तिच्याकडे पाहत होते. बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून मी तिला हाक मारायला उठलो. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बसा भिया," ते म्हणाले. "पाळीवरच्या माणसाला हाक मारत नसतात."