चिठ्ठी माझी, हात मामांनी जोडले

“चौघं म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यानं लिहिलं त्यानं उभं राहावं.”

पर्सोनेलचे साहेब हसत हसत बोलले. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही.

शिरूरला नगर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात ट्रेनिंग होतं. आमची कंपनी दिल्लीच्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. भिंतीवर कापडी बॅनर, ‘बदलाला घाबरू नका’. साहेब आणि कामगार एकाच रंगाच्या टोप्या घालून बसलेले. मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या बोलायच्या. म्हणाल्या, “कंपनीत काय बदलायला हवं, ते एका चिठ्ठीवर लिहा. नाव लिहू नका. कुणाला कळणार नाही.”

माझा विश्वास बसला. मी लिहिलं, ‘हौदातला गाळ दर वर्षी आम्हीच चौघांनी का काढायचा? पाळी लावा.’

वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवत. तेव्हा तेलकट पाण्याचा हौद साफ करावा लागे. कमरेएवढा काळा गाळ. वास आठवडाभर अंगातून जात नसे. त्यात उतरणारे चौघंच. मी आयटीआय केलेला मशीन सेटर. दुसरा वेल्डर, तिसरा पॅकिंगचा. चौथे किसनमामा, इनामगावाकडून सायकलवर येणारे, साठीला टेकलेले. कामं चौघांची चार. पण चौघंही बौद्ध. कागदावर तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

मॅडमनी चिठ्ठ्या वाचायला साहेबांकडं दिल्या. माझी चिठ्ठी वाचून झाली तसा हॉल हसला. रोज माझ्याबरोबर डबा खाणारेही हसले.

साहेबांनी नेमकं मामांकडं बघितलं. साहेब मामांच्या पोराच्या वयाचे.

“काय रे किसन, तू लिहिलंस?”

“मला कुठं लिव्हता येतंय सायेब.”

पुन्हा हशा.

“मग कुणाकडून लिहून घेतलंस? नाव सांग.”

मामांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं. अक्षर कुणाचं असणार ते त्यांना कळलं होतं. त्यांच्या पोराचे अर्जसुद्धा मीच लिहून द्यायचो. एकदाच बघितलं, आन् नजर काढून घेतली. खुर्चीचा आधार घेत उठले. दोन्ही हात जोडले.

“चुकलं सायेब. पुन्यांदा न्हाई व्हनार.”

मी बसूनच. आत्ता उठू, आत्ता उठू, म्हणत राहिलो. तेवढ्यात मॅडमनी विषय बदलला. जुन्या माणसांना बदल पचायला वेळ लागतो, म्हणाल्या. मी ते वहीत उतरवून घेतलं. खरंच उतरवून घेतलं.

पंधरा दिवसांत नवी रचना लागली. नोटीस बोर्डावर चौकटी आणि बाण. मामांचं नाव एकाही चौकटीत नव्हतं. त्यांना ठेकेदाराकडं दिलं होतं. माझं नाव मात्र वर चढलं होतं. टीम लीडर. छातीला लावायला बिल्ला. साहेब म्हणाले, “तू समजूतदार आहेस.”

मी बिल्ला लावला. घरी बायकोनं कौतुकानं दोनदा हात फिरवला त्याच्यावर. आई तेवढी म्हणाली, “किसनदादा हल्ली येत न्हाईत आपल्याकडं. काय झालं रं?”

“काम असंल,” मी म्हणालो.

खोटं बोललो. आईशी.

मामा गेटवर दिसायचे. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी बाहेरच, उन्हात व्हायची. मी मागच्या बाजूनं आत शिरायचो. अख्खं वर्ष तसा चोरासारखा शिरलो.

मग पुन्हा मशीन बंद ठेवायची वेळ आली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कोरा तक्ता पुढं सरकवला.

“हौदाला चार जण हवेत. तू आता लीडर आहेस, तू नको उतरू. तुझ्या त्या दोघांना घे, वेल्डर आणि पॅकिंगवाला. ठेकेदाराकडून तो किसन घे, त्याला सवय आहे. आणखी एक तुमच्यातलाच बघ.”

मी पेन उचललं. पहिलं नाव लिहायला लागलो. ‘कि’ लिहिलं. पुढं हातच चालेना. एका वर्षात कंपनीत काय बदललं होतं? गाळात घालायची यादी आधी साहेब करायचे, आता मी करणार होतो. एवढंच.

पेन ठेवलं.

“सगळ्या डिपार्टमेंटची पाळी लावत असाल तर लिहितो. माझं नाव पहिलं. नाहीतर नाही लिहीत.”

“तुला वर कुणी आणलं, विसरलास?”

“न्हाई विसरलो. ती चिठ्ठी माझी होती, साहेब. मामांची नव्हती.”

साहेबांनी तक्ता परत ओढून घेतला. म्हणाले, “कितीही सुधारा, तुमच्या लोकांचं हे असंच.”

बिल्ला त्याच दिवशी काढून घेतला. मला स्क्रॅप यार्डात टाकलं. हौदात ठेकेदाराची परगावची माणसं उतरवली. ती कोणत्या वस्तीतली, ते मी विचारलं. उत्तर मला आधीच माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी मामांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते.

“आता सांगून काय उपेग? तवा उठायचं व्हतं,” ते म्हणाले. “माझ्या सुनंला लोक इचारत्यात, सासऱ्यानं हात का जोडलं.”

चहा मिळाला. माफी मिळाली नाही. मी मागितलीही नाही. तो हक्क माझा नव्हता.

उतरवलेल्या त्या परगावच्या चौघांची नावं मी विचारून घेतली. सरकारी कामगार ऑफिसला अर्ज लिहिला, हौदात कुणाला आणि का उतरवतात त्याचा, पर्सोनेलच्या साहेबांचं नाव घालून. खाली माझं नाव, बापाचं नाव, गाव, वस्ती, कंपनीतला तिकीट नंबर. वेल्डर आणि पॅकिंगवाला सोबत यायला तयार झाले नाहीत. त्यांना मी भित्रा म्हणत नाही. मला तोंड नाही.

उद्या एकटाच जाणार आहे. अर्ज घेतला नाही, तर परवा जाणार आहे.