दाजींनी बॅटरीला पाजलेलं अ‍ॅसिड

वस्तीत तिला अ‍ॅसिडबाई म्हणत. हे नाव धंद्यावरून पडलं, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांचं मत वेगळं होतं. मेलेल्या बॅटऱ्या उठवण्यात तिची हयात गेली होती.

थोरल्या बहिणीच्या घरी विजेची तार पोचलेली नव्हती. बहिणीच्या सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र छतावरच्या सौर पॅनेलवर आणि अ‍ॅसिडबाईने जगवलेल्या चार बॅटऱ्यांवर चालायचं. पाणी उतरलं की डिस्टिल्ड वॉटर घाला, दुसरं काही नाही, असं तिने दाजींना दहादा बजावलं होतं. तरी यंत्र तासाभरात बंद पडू लागलं. ती धावत आली आणि तिने बॅटरीत हायड्रोमीटर बुडवला. काटा नको तितका वर!

"दाजी, यात काय ओतलंत?"

"अ‍ॅसिड! नुसत्या पाण्यात कसली आलीय ताकद?" दाजी छाती काढून म्हणाले. "बघ, काटा कसा चढलाय!"

"काटा अ‍ॅसिड मोजतो, तुमची अक्कल नाही. आत प्लेटा सडताहेत. आईंना धाप लागली की मिरचीची धुरी देता का?"

"मेहुणी असून इतकं बोलायचं?"

"मेहुणी आहे म्हणून इतकंच."

तिने दुकानातल्या चांगल्या बॅटऱ्या आणून जोडल्या, बॅटऱ्यांच्या पेटीला कुलूप ठोकलं. दाजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली सासूबाईंच्या उशाखाली सरकवली.

"त्याला देतच नाही," नाकातली नळी सावरत म्हातारी म्हणाली. "लहानपणी रोपं जोमाने वाढावीत म्हणून त्यांना दूध पाजायचा. एक जगलं नाही."