धनाजीचा शोषखड्डा

तळोज्याच्या एका कारखान्याच्या बागेत गोजराबाईंनी एकवीस वर्षं माळीकाम केलं. साहेबांच्या हिरवळीला पाणी घालताना त्यांच्या मनात एकच असायचं, नावड्यात घर झालं की आपली बाग आपल्या हातानं आखायची. घर झालं, पण ते बघायला नवरा कान्हा राहिला नाही. बांधकाम कान्हाचा जिवलग मित्र धनाजी गवंडी यानं केलं. गल्लीत गटाराची लाइन नव्हती, म्हणून मागे सेप्टिक टँक, आणि तिचं पाणी मुरायला अंगणाच्या मधोमध शोषखड्डा. बाई तेव्हा दिवसभर कामावर. एका संध्याकाळी आल्या, तर माती सपाट केलेली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड रोवलेले.

"वहिनी, या चौकोनात झाड लावू नका. मुळं खड्ड्यात शिरतील," धनाजीनं बजावलं.

बाईंना ते पटलं. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून सगळी बाग त्यांनी त्या चौकोनाभोवती बसवली. मधे नुसतं गवत. आंबा, नारळ लांब, रस्त्याच्या बाजूला. वांगी-मिरच्या त्याहून दूर, उंच वाफ्यात. ठिबकच्या नळ्याही वळसा घालून नेल्या, कारण वरून पाणी पडत राहिलं तर शोषखड्डा तुंबतो. भाचा रूपेश गाडी लावायला जागा मागून थकला. बाईंनी तिथे चाक टेकू दिलं नाही. अशी सहा वर्षं गेली.

यंदा एप्रिलात शेजारची आरिफा कुंपणाशी आली.

"गोजराताई, रागावू नका. माझ्या विहिरीला वास येतो. दोन महिने पोट ठीक नाही. तुमच्या खड्ड्याचं पाणी तर येत नाही ना?"

"धनाजीभावजींनी केलेलं काम हाय ते. तुझ्या विहिरीतच काय तरी पडलं असंल," बाई तुटकपणे बोलल्या.

बोलल्या खऱ्या, पण नजर चौकोनाकडे गेली. तिथलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. खाली पाणी मुरत असतं तर ते असं वाळलं नसतं. आणि आरिफाच्या कुंपणालगतची कर्दळ, जिची नळी महिनाभर बंद होती, ती माणसाएवढी माजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतःच कुदळ घेतली. दोन फुटांवर काळा पाषाण लागला. ना शोषखड्ड्याच्या विटा, ना खडी. चारही कोपऱ्यांत तेच. मग टाकीपासून पाइप उकरत गेल्या. तो अंगणाकडे वळलाच नव्हता. कुंपणापाशी, आरिफाच्या विहिरीपासून दहा हातांवर, तो उघडाच सोडून दिला होता.

फोन केल्यावर धनाजी आला. उकरलेली माती बघून त्यानं मान खाली घातली.

"दगड लागला, वहिनी. फोडायला आठवडा गेला असता, वास्तुशांत तोंडावर होती. म्हटलं, नंतर बघू."

"आन् हे दगड रोवले ते?"

धनाजीनं कोपऱ्यातल्या दगडावरची माती पायानं सारली.

"दर दिवाळीला हितं बसून फराळ केलात. माज्या गवताचं कौतुक केलंत. ह्यांनी मरताना तुमचा हात धरून घर तुमच्यावर सोपवलं व्हतं, भावजी."

"धीर झाला नाही."

"जा तुमी," बाई म्हणाल्या.

मग त्या आरिफाकडे गेल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलल्या, "तुझी विहीर माज्या घरानं नासवली. आन् वर मी तुलाच बोलले."

"तुम्हाला माहीत नव्हतं," आरिफा म्हणाली.

"इचारायला पायजे व्हतं. मातीतली बाई मी, मला गवत कळतं."

त्याच दिवशी पाइपाचं तोंड बंद झालं. टाकी उपसायला गाडी येऊ लागली. आरिफाची विहीर उपसून साफ केली आणि पाणी तपासून चांगलं येईपर्यंत बाईंच्या नळाचं पाणी तिच्या घरी गेलं. दुसऱ्या मिस्त्रीनं विहिरीपासून सगळ्यात लांब, जिथे खोलवर मुरूम होता, तिथे नवा खड्डा घेतला. त्यासाठी वाफे मोडावे लागले. धनाजी एकदा फाटकाशी आला, फुकट काम करतो म्हणाला. बाईंनी फाटक उघडलं नाही.

खड्ड्याची शेवटची वीट बसेपर्यंत त्या काठावरून हलल्या नाहीत. "ताई, जेवून या, आम्ही आहोत," मिस्त्री दोनदा म्हणाला.

"माजं जेवान हितंच आनलंय," बाई म्हणाल्या.