सुईत दोरा नसलेली मुलगी

नीलांबरी काकूंना सगळ्यांचा हेवा वाटतो, आणि तो त्या लपवत नाहीत. अमेरिकेत वेस्ट विंडसरला मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या केसांचा हेवा केला आणि दुसऱ्या भेटीत गुडघ्यांचा. "दोन-दोन पायऱ्या चढतेस, अदिती. दुष्ट आहेस."

चौतीस वर्षं त्या सर्जन होत्या. रिटायर झाल्यावर गावाजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड झाल्या. गेली नऊ वर्षं दर शनिवारी अकरा वाजता त्या एकाच दालनात लोकांना फिरवतात. तिथे एकोणिसाव्या शतकातली चार चित्रं आहेत आणि चारही शिवणाऱ्या मुलींची. खिडकी, पांढरं कापड, खाली वाकलेली मान. "शिवणारं मूल हलत नाही," काकू सांगतात, "चित्रकाराची केवढी सोय!" लोक हसतात.

चौथं चित्र मात्र काकूंचं स्वतःचं असल्यासारखं आहे. त्यात सात-आठ वर्षांची मुलगी आईच्या गुडघ्याला टेकून बसलेली आहे. आईचे हात रिकामे आहेत आणि ती मुलीच्या हातांकडे बघतेय. या चित्रापुढे काकूंचा आवाज मऊ होतो.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं होतं. साताऱ्याच्या घरी त्यांची थोरली बहीण कृष्णाताई अशीच आईला टेकून शिवायची. नीलांबरी हुशार, म्हणून तिला आतल्या खोलीत भूमितीला बसवायचे. "दारातून मला फक्त त्या दोघींच्या पाठी दिसायच्या. मी बाहेर आले की आई म्हणायची, 'तुला काय करायचंय शिवण? तू डॉक्टर होणार.' झाले की! पण त्या गुडघ्याला मी कधी टेकले नाही."

गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या परीक्षितची आई नागपूरहून आली. वसुधामावशींनी चाळीस वर्षं घरी ब्लाऊज शिवले. त्यांना शनिवारी म्युझियमला मीच घेऊन गेले. चूक माझीच.

चौथ्या चित्रापाशी काकू आधी इंग्रजीत आणि मग मावशींसाठी मराठीत म्हणाल्या, "आई लेकीला पहिला टाका शिकवतेय. सुईत दोरा दिसत नाही, कारण तो इतका बारीक की चित्रकाराने सोडून दिला."

वसुधामावशी माझ्या कानाशी लागल्या, पण नागपुरी कुजबुज अख्ख्या दालनाला ऐकू गेली. "अदिती, ही पोरगी शिवतेय कुठं? ही तर उसवून राहिली."

काकू थांबल्या. "काय म्हणालात?"

"तसं नाही डॉक्टरबाई, पण बघा न. सुईत दोराच नाही. अन् मांडीवर दोऱ्याचे तुकडे पडलेत, सगळे वाकडेतिकडे. नवा दोरा सरळ असतो, उसवलेला असा कुरळा होते. टाके चुकले असतील. माय म्हणाली असंल, उसव. तोंड तर पाहा तिचं!"

मराठी न कळणाऱ्या एकाने विचारलं, "What did she say?" मी भाषांतर केलं. सगळे पुढे वाकले. एका बाईंनी तर वसुधामावशींचा हात धरला आणि त्यांना पहिल्या तीन चित्रांकडे परत नेलं. काकू चौथ्या चित्रापाशी एकट्या उरल्या.

वसुधामावशींना सोडून आम्ही घरी आलो. मग काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "म्युझियमच्या साइटवर मोठा फोटो आहे ना? काढ. झूम कर. अजून."

चारशे टक्क्यांवर सगळं स्पष्ट दिसलं. सुईचं नेढं रिकामं होतं. परकराच्या घडीत दोऱ्याचे सात तुकडे होते, एकेक नागमोडी. ज्याने ते तुकडे रंगवले त्याला दोरा रंगवता येत नव्हता असं म्हणायची सोयच नव्हती.

"नऊ वर्षं!" काकू म्हणाल्या. "आणि ती येते काय, दोन मिनिटं बघते काय! अगं, आमच्या सुईला दोरा कारखान्यातूनच जोडून येतो. नर्स हातात देते. नेढ्याकडे बघायची सवयच नाही मला. मी हजारो माणसं शिवली, अदिती, पण सुईत दोरा ओवला नाही."

मी म्हटलं, "पण काकू, म्हणजे कृष्णाताईसुद्धा उसवतच बसत असतील. तुम्हाला लांबून लाड वाटले, आणि खरं तर बोलणी खात असतील."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब साताऱ्याला फोन लावला आणि स्पीकर ऑन केला. तिथे रात्र झाली होती.

"ताई, टाके चुकले की आई तुला उसवायला लावायची ना गं?"

"मला?" कृष्णाताई हसल्या. "छे गं! चुकलं की हातातून काढून घ्यायची. 'दे इकडे, तुझे डोळे दुखतील,' म्हणायची. स्वतः उसवायची. मी आपली तिच्या मांडीवर डोकं टाकून गूळ-शेंगदाणे खात पडायची. का गं?"

"काही नाही. झोप तू," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "गूळ-शेंगदाणे!"

पुढच्या शनिवारी काकू वसुधामावशींचं नाव घेतील की ते सगळं आपलंच म्हणून सांगतील, एवढंच मला बघायचं होतं. मावशी त्या दिवशी एडिसनला साड्या बघायला गेल्या होत्या, त्यामुळे काकूंना टोकायला कोणी नव्हतं.

चौथं चित्र आलं. काकूंनी घसा साफ केला. मग दाढ काढायला बसल्यासारखं तोंड करून, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "नऊ वर्षं मी इथे चुकीचं सांगत होते. ही मुलगी उसवतेय. हे मला नागपूरच्या मिसेस वसुधा यांनी दाखवलं. त्या माझ्यापेक्षा चांगलं शिवतात."

लोकांत एक छोटी मुलगी होती. तिने विचारलं, "Is her mom mad at her?"

काकूंनी चित्राकडे पाहिलं. आईच्या त्या रिकाम्या हातांकडे.

"नो," त्या म्हणाल्या. "एका मिनिटात ती सुई काढून घेईल आणि स्वतः उसवेल. काही मुलींचं नशीबच तसं असतं."

मग त्यांनी ग्रुपकडे पाठ केली आणि दोन-दोन पावलांची एकेक ढांग टाकत पुढच्या दालनात गेल्या. ते दालन त्यांच्या टूरमध्ये नव्हतंच.