आधी सिंह, मग समुद्र

"आधी समुद्र, मग सिंह," बाळासाहेब माझ्या टेबलावर बोट टेकवत म्हणाले. "तीस वर्सं भट्टीपुढं काढलीत मॅडम. आधी गार हुतो, मग जनावरं बघू."

बाळासाहेब विट्याचे गलाईवाले. जुने दागिने आटवून, ॲसिडात घालून शुद्ध सोनं वेगळं काढायचं, म्हणजे गलाई. मदुराईतलं त्यांचं दुकान आता मुलगा बघतो. त्यांना आफ्रिकेतली सफारी आणि झांझिबारला स्कूबा डायव्हिंग, दोन्ही एकाच टूरमध्ये हवं होतं. सांगलीतलं हे ऑफिस मी आणि माझे पती मिळून चालवायचो. ते गेल्यावर मी एकटीनं आखलेली ही पहिली टूर.

मी त्यांना सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर आल्यावर सावकाश निघून जातो. पण लगेच विमानात बसलं किंवा उंचावर गेलं, तर बूच काढल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. सफारीचा मुक्काम उंच पठारावर होता आणि तिथं छोट्या विमानानं जायचं होतं. म्हणून सिंह आधी, समुद्र शेवटी, आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस कोरडा.

"बरं. तुमी म्हनाल तसं."

आमच्याकडे ग्राहक फॉर्म भरत नाहीत. ते झेरॉक्स आणि सही देतात, बाकी एजंटनं भरायचं. डायव्हिंगचा मेडिकल फॉर्मही मी त्याच सवयीनं भरायला घेतला. फिट येतात? नाही. हृदयविकार? नाही. फुप्फुसाच्या प्रश्नाशी आले आणि समोर बाळासाहेब खोकले.

"हा खोकला कधीपासून?"

"काय न्हाई ओ. ॲसिडच्या धुराचा हाय. आमच्यात समद्यांनाच असतोय. 'न्हाई' लिवा."

माझे पतीही छातीतल्या दुखण्याला 'काही नाही' म्हणत. मी ते तसंच धरून चालले होते. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

छातीच्या डॉक्टरांनी त्यांना मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि सही दिली नाही. अशा फुप्फुसात हवा अडकते. वर येताना ती फुगते, आणि फुप्फुस फाटू शकतं.

बाळासाहेब भडकले. "दुसरा डाक्टर गाठतो. न्हाईतर दुसरा एजंट."

"गाठा. मी पाठवणार नाही."

शेजारी त्यांच्या पत्नी सुनंदाताई बसल्या होत्या. "माझा फॉर्म भरा की," त्या म्हणाल्या.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"रहिमतपूरला आमच्या इहिरीत काठावरनं मुटका कोन मारत हुतं? तुमी मामाच्या मळ्यात यायचा आन् कडंला बसून बघायचा. तुमास्नी पवायला तरी कुठं येतंय?"

बाळासाहेबांनी स्वतःचा फॉर्म उचलून खिशात घातला. सुनंदाताईंच्या फॉर्मवर डॉक्टरांनी सही केली. टूरबरोबर मीही गेले.

सफारीत एक सिंह आमच्या जीपच्या सावलीला येऊन बसला. हात लांबवला असता तर आयाळीला लागला असता. त्याचा श्वास ऐकू येत होता. बाळासाहेबांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला. सिंहानं फक्त एक कान वळवला. त्या वेळात आम्ही कोणीच श्वास घेतला नसावा.

मग झांझिबार. हॉटेलच्या तलावात सराव करून सुनंदाताई इन्स्ट्रक्टरबरोबर बोटीवरून पाण्यात उतरल्या. बाळासाहेब लाइफ जॅकेट घालून, बोटीचा दोर धरून वर तरंगत होते. शेजारी मी. आम्ही काचेचे मास्क लावून, श्वासाची नळी दातांत धरून तोंडं पाण्यात घातली.

खाली जमीन होती. जांभळी, पिवळी, प्रवाळांनी फुललेली. तिच्यावरून सुनंदाताई हात न हलवता तरंगत चालल्या होत्या. एक कासव, सुपाहून मोठं, त्यांच्याजवळून गेलं. त्यांनी त्याला हात जोडले. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे चंदेरी होऊन वर येत होते आणि बाळासाहेबांच्या छातीवर फुटत होते. त्यांनी दोर सोडला नाही, पण दुसरा हात पसरून ते बुडबुडे तळव्यावर झेलत राहिले. मी बराच वेळ तोंड वर काढलं नाही.

बोटीवर ते एवढंच म्हणाले, "आमी अजून कडंलाच बसलोय बघा."

"बसा की. मी सांगते समदं," सुनंदाताई म्हणाल्या, आणि किनारा येईपर्यंत सांगत राहिल्या.

हल्ली मी मेडिकल फॉर्म भरत नाही. कागद फिरवून ग्राहकापुढे ठेवते. 'काही नाही' असं उत्तर आलं, की पुन्हा एकदा विचारते.