परीक्षेपुरता राखलेला डोळा

"हात काढ! हात काढ म्हणतो ना! डोळा काय तुझ्या बापाचा आहे?"

मोठा डॉक्टर ओरडत होता. कन्नडमध्ये. इतक्या जोरात, की शेजारच्या वॉर्डातले पट्टी बांधलेले म्हातारे उठून बसले असतील. मी स्टुलावर. उजव्या डोळ्यावर माझा तळहात. भोवती पांढऱ्या कोटातली शिकाऊ पोरं-पोरी, ज्याच्या त्याच्या हातात भिंग. मागची रांग पुढच्या रांगेच्या खांद्यावरून वाकलेली. जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघतात तशी.

मी हात काढला नाही.

आधीच सांगतो, मी नंबर एकचा थापाड्या. निपाणीहून बेंगळुरात आलो, जयनगरात पाट्या रंगवायला लागलो. तेव्हा अजून हातानं रंगवलेल्या पाटीला मान होता. मी म्हणायचो, एकदा ब्रश टेकवला की जयनगरपासून होसकोटेपर्यंत सरळ रेघ ओढतो, मध्ये कॉफीलासुद्धा थांबत नाही. लोक हसायचे. मी खूश.

मग एक दिवस रेघ वाकली. दोरी ताणून खडूनं मारलेली रेघ. डाव्या डोळ्यानं सरळ, उजव्यानं बघावं तर पाण्यात पडल्यासारखी लाटालाटांची. दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "ही नवी थाप होय? मागच्यापेक्षा बरी आहे." जन्मात एकदा खरं बोललो, तर तेच कुणी घेईना.

अक्कानं घेतलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्याकडेच मी राहायचो. तिनं मला आरशापुढं उभं केलं. उजवा डोळा डाव्यापेक्षा पुढं आलेला. "बेडूक झालायस," म्हणाली, आणि दंडाला धरून मोफतच्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मला 'अण्णा' म्हणायच्या. त्यांनी दंडात पिवळं औषध टोचलं आणि कॅमेऱ्यातून डोळ्याच्या आतले फोटो काढले. लघवी अशी पिवळीजर्द झाली, की मी गल्लीत सांगितलं, सराफाला बोलवा, तोळ्यावर देतो. फोटो मात्र काळेपांढरे. त्यात पट्टेच पट्टे. एक उजळ, एक काळा.

"तुमच्या डोळ्याच्या पडद्याला घड्या पडल्यात, अण्णा. पडद्याला आणि त्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला. घडीचा माथा उजळ दिसतो, खोलगट भाग काळा."

मग पापणीवर गार, बुळबुळीत काहीतरी लावून यंत्र फिरवलं. आवाजाच्या लहरींचं. डोळ्याचा गोळा मागून चपटा झाला होता. पुढच्या तपासणीत चपटं करणारी गाठही दिसली.

"कॅन्सर वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण ती मागून रेटतेय, म्हणून पडदा चुरगळलाय. लवकर काढली तर बराचसा पसरेल. उशीर केला तर घड्या मुरतात. कपड्यातल्या मुरतात तशा."

लवकर. हा शब्द मी अक्कालाही सांगितला.

मग बाईंनी ऑपरेशनसाठी मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं आणि गुरुवार सुरू झाले. गुरुवारी डोळ्यात थेंब. बाहुली ताटाएवढी. मग स्टूल. मग उजेड. एका पोराचं बघून झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की पहिल्याला पुन्हा बघायचं असायचं. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. वॉर्डबॉय दारातून ओरडायचा, "फोल्ड्स! फोल्ड्स कोण आहे?" फोल्ड्स म्हणजे घड्या, म्हणजे मी. मी हात वर करायचो. हसत. माझं नाव कागदावर होतं. ते कुणी वाचलं नाही.

आणि आम्ही काय समजलो? आम्ही समजलो, हाच उपचार. उजेड पाडतात म्हणजे काहीतरी बरं करत असणार. बाकावर बसलेली अक्का विचारायची, "आज किती डॉक्टर होते रे?" मी म्हणायचो, "मंत्र्याला पडसं झालं तरी एवढे येत नाहीत!" ती खरंच हरखायची. एकदा तिनं त्या पोरांसाठी चिरोटे करून नेले. माझे डोळे फोडणाऱ्यांना चिरोटे. उन्हात मला रस्ता दिसत नसायचा, तिच्या पदराचं टोक धरून मी घरी यायचो. ऑपरेशनचं विचारलं की उत्तर एकच. पुढच्या गुरुवारी या.

त्या गुरुवारी एक पोरगा माझ्या डोक्यावर उभा राहून इंग्रजीत कारणं म्हणत होता. घड्या कशानं पडतात त्याची. पाढे म्हणावेत तशी. त्याचा अर्थ मला बाईंनी नंतर सांगितला. डोळ्यातला दाब उतरला तर. थायरॉईडनं मागचे स्नायू सुजले तर. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला सूज आली तर. डोळा मुळातच आखूड असला तर. मागं गाठ असली तर. "शाब्बास," मोठा डॉक्टर म्हणाला.

तेव्हा बाई हळूच कन्नडमध्ये बोलल्या. "सर, यांची गाठ कधी काढायची? नजर उतरत चाललीय."

"स्वल्प थांब. परीक्षा होऊ दे. गाठ काढली की घड्या जाणार. मग परीक्षेला अशी केस मी कुठून आणू?"

माझ्यासमोर. माझ्या नाकापासून हातभर अंतरावर. अर्ध्या जयनगरच्या कन्नड पाट्या मी रंगवलेल्या. पण मला कन्नड येतं की नाही, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात नव्हता. बोलण्याआधी कुणी स्टुलाची भाषा विचारतं का?

माझा बाप निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. छातीत तंबाखूची धूळ. मालक त्याला 'ए खोकल्या' म्हणायचा. बाप म्हणायचा, "जी". आणि हसायचा. संध्याकाळी घरी येऊन आम्हाला सांगायचा, मालक माझ्याशिवाय पान खात नाही, हत्तीवर बसवतो म्हणालाय. आम्ही टाळ्या पिटायचो. थापा मी तिथं शिकलो. खोकल्या हत्तीवर. फोल्ड्सला मंत्र्यापेक्षा जास्त डॉक्टर. तेच. अगदी तेच. त्या स्टुलावर मला ते दिसलं, आणि माझा हात आपोआप डोळ्यावर गेला.

तर मोठा डॉक्टर ओरडला, डोळा काय तुझ्या बापाचा आहे.

"होय," मी कन्नडमध्ये म्हणालो. "बापाचाच आहे. गाठ कधी काढणार ते सांगा, मग हात काढतो."

एक पोरगी फिस्सकन हसली.

"बाहेर काढा याला! फुकटात सगळं पाहिजे, वर तोंड!"

वॉर्डबॉयनं मला बखोटीला धरलं. तेवढ्यात पडद्याआडून अक्का आत. तिनं मला विचारलं, काय झालं. मी मराठीत सांगितलं, मीठमसाला न लावता. दोन वाक्यांत. तिनं थाप आहे का, असं विचारलं नाही. ती सरळ इस्पितळाच्या प्रमुखाच्या दारात जाऊन फतकल मारून बसली. शिपाई म्हणाला, "अक्का, उठा." ती म्हणाली, "तारीख." साहेब जेवून आले. "तारीख." त्यांनी तिला ओलांडून जायचाही प्रयत्न केला. "तारीख."

तारीख मिळाली. गाठ दुसऱ्या डॉक्टरनं काढली. द्राक्षाएवढी होती, गल्लीत मी ती नारळाएवढी सांगितली, तेवढं माझं मला माफ आहे. डोळा मागं गेला. रेघ मात्र पूर्ण सरळ झाली नाही. अजूनही पाटी रंगवताना मी उजवा डोळा मिटून घेतो.

आणि एक ठरवलं, ते आजतागायत मोडलेलं नाही. माझ्या अंगाला कुणीही हात लावायच्या आधी मी विचारतो, कशासाठी, आणि कुणाच्या कामाचं. उत्तर आल्याशिवाय उजेड नाही. हाक नावानं मारली नाही तर मी उठत नाही. आणि त्यांच्यापुढं मी हसत नाही.

हे पहिल्यांदा मी बाईंवरच चालवलं. ऑपरेशननंतर त्यांनी पुन्हा पिवळं औषध टोचून फोटो काढले होते. पट्टे फिकट झाले होते, पण होते. त्या भिंग घेऊन जवळ आल्या. मी डोळ्यावर हात ठेवला.

"बाई, आधी सांगा. पहिल्या गुरुवारीच गाठ काढली असती तर?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"घड्या कमी राहिल्या असत्या," त्या म्हणाल्या.